ब्रूस ली पाहिजे

(दृश्य: ड्रेसिंग रूम. आरशासमोर बसलेला नट.)

आरशाकडे नीट बघा. माणूस हलतोय, पण आरशातला चेहरा जागचा हलत नाही. कसा हलेल? ब्रूस लीच्या फोटोतलं डोकं कापून आरशावर चिकटवलंय. आणि ही काही कॉलेजच्या पोरांची टवाळकी नाही. हा 1978 साली थिएटरात तिकीट लावून दाखवलेला सिनेमा आहे, 'गेम ऑफ डेथ'.

ब्रूस लीनं तो 1972 मध्ये हाँगकाँगला सुरू केला होता. कल्पना त्याचीच. पाच मजली पॅगोडा, मजल्यामजल्यावर एक पहारेकरी, आणि वर बास्केटबॉलचा करीम अब्दुल जब्बार, उंची सात फुटांच्या वर. पिवळा ट्रॅकसूट घातलेला ब्रूस त्याच्या छातीपर्यंतही जेमतेम पोचतो. मग हॉलिवुडचा 'एंटर द ड्रॅगन' आला आणि हे काम बाजूला पडलं. 20 जुलै 1973 रोजी ब्रूस ली गेला, वयाच्या 32व्या वर्षी.

हिरो नाही, पण थोड्या मारामाऱ्या डब्यात आहेत. निर्माता काय करील?

गोल्डन हार्वेस्ट या हाँगकाँगच्या सिनेमा कंपनीनं नवीच गोष्ट लिहून घेतली. नायक नट आहे, त्याच्या चेहऱ्यावर गोळी लागते, तो मेल्याचं नाटक करतो. म्हणजे चेहरा वेगळा दिसला तरी कुणी तक्रार करायची नाही! मारामारीला कोरियाचा किम ताई-चुंग, कोलांटउड्यांना युएन बियाओ. वर काळा गॉगल, खोटी दाढी, हेल्मेट, जे हाताला लागेल ते. इथवर हसू येतं. पण नायकाच्या अंत्ययात्रेसाठी त्यांनी ब्रूस लीच्या खऱ्या अंत्यविधीचं चित्रण वापरलं, शवपेटीतल्या चेहऱ्यासकट. एवढं करून मूळ ब्रूस ली पडद्यावर बारा मिनिटांच्या आसपास.

बाहेर बाजारातही ब्रूसची रांग लागली होती. तैवानचा नट हो चुंग-ताओ झाला ब्रूस ली, फक्त इंग्रजी स्पेलिंग बदलून, Lee ऐवजी Li. शिवाय ब्रूस ले, ड्रॅगन ली...

(दृश्य: सत्तरच्या दशकातलं ऑडिशन. ओळीनं बसलेले उमेदवार.)

2007 साली दिग्दर्शक जस्टिन लिननं यावर 'फिनिशिंग द गेम' ही मॉक्युमेंटरी, म्हणजे खोटीखोटी डॉक्युमेंटरी केली. नवा ब्रूस ली निवडायला ऑडिशन भरलीय आणि कॅमेरा उमेदवारांच्या मागे फिरतोय. ब्रीझ लू हा नकली कुंगफूपटांचा स्टार, पण आपण कुणाची नक्कल करतो हे त्याला मान्यच नाही. टॅरिक टायलर दिसायला पक्का गोरा, आणि स्वतःला अर्धा चिनी म्हणवतो.

काही विनोद ताणलेत, मधला भाग रेंगाळतो. पण ट्रॉय पून लक्षात राहतो. हा कधीकाळी टीव्हीवर पोलिसाचा जोडीदार होता, आता दारोदार व्हॅक्यूम क्लीनर विकतो. त्याच्यावर हसताना जरा जपून, कारण खरा ब्रूस लीसुद्धा अमेरिकेत आधी 'द ग्रीन हॉर्नेट' या टीव्ही मालिकेतला केटो होता, म्हणजे नायकाचा ड्रायव्हर. आणि 1972 मध्ये 'कुंग फू' ही मालिका आली तेव्हा त्यातल्या शाओलिन साधूचं काम मिळालं डेव्हिड कॅराडाइनला. गोऱ्या नटाला साधू व्हायला चेहरा आड आला नाही. चिनी, कोरियन, तैवानी नटांना मात्र एकमेकांच्या जागी खपवून घेतलं, आणि त्यांनीही पोटासाठी ते केलं.

लिनच्या सिनेमात उमेदवार कोल किम झालाय संग कँग. त्याच्या आदल्याच वर्षी लिनच्या 'टोकियो ड्रिफ्ट'मध्ये, म्हणजे 'फास्ट अँड फ्युरिअस' या सिनेमामालिकेतल्या एका भागात, तो हान होता, आणि हान त्यात मोटारीच्या स्फोटात मरतो. प्रेक्षकांना तो इतका आवडला, की 2009 मध्ये लिननं त्याला परत आणलं, ही आधीची गोष्ट आहे असं सांगून. 2021 मध्ये तर तो मेलाच नव्हता असं ठरवून टाकलं. नट तोच, संग कँग. ऑडिशन नाही, काही नाही.