ट्रॅपचा खर्ज

श्रोतेहो, नमस्कार.

आज हिप हॉपमधल्या ट्रॅप संगीताबद्दल बोलायचंय. आधी एक विनंती. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरवर ऐकून या संगीताला नावं ठेवू नका. त्याचा सगळा जीव खर्जात आहे आणि तो खर्ज तिथून बाहेरच पडत नाही.

हे संगीत अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अटलांटाचं. ज्या घरातून अमली पदार्थ विकले जात, त्याला तिथली पोरं 'ट्रॅप' म्हणत. टी. आय. या रॅपरचा पहिला अल्बम २००१ मध्ये पडला, कंपनीनं त्याला सोडलं. २००३ मध्ये त्याचा 'ट्रॅप म्युझिक' आला आणि अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या अल्बमच्या यादीत, बिलबोर्डवर, थेट चौथा लागला. पाठोपाठ २००५ मध्ये यंग जीझी आणि गुची मेन हे रॅपर आले. त्याच्या दहा वर्षं आधी दक्षिणेला फारसं कोणी मोजत नव्हतं. १९९५ मध्ये अटलांटाच्या आउटकास्ट या रॅपर जोडीला हिप हॉपचा सोर्स पुरस्कार मिळाला, तेव्हा न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. 'दक्षिणेलाही काही सांगायचंय,' असं त्या जोडीतल्या आंद्रेनं तिथेच, माइकवर बजावलं.

आता वाजतं काय ते ऐका. रोलँड या जपानी कंपनीनं १९८० ते १९८३ या काळात टीआर-८०८ नावाचं तालयंत्र काढलं. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून ते फारसं खपलं नाही, जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं. पण त्यातला बास ड्रमचा ठोका लांबवता येतो. लांबवून सुरात लावला की तो ठोकाच गाण्याचा खर्ज होतो. वर हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधली झांजांची जोडी, संथ लयीत चालता चालता अचानक दुगुण, चौगुण घेते, मध्येच तिस्रात शिरते. तबला ऐकलेल्या कानाला ही गंमत सांगावी लागत नाही. आणि गुची मेनच्या गाण्यांतले ते पियानोचे सूर? ते झेटोवनचे. घराच्या तळघरात गुचीची गाणी रेकॉर्ड करणारा हा माणूस चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. त्याच्या सुरांत ती प्रार्थना मला स्पष्ट ऐकू येते.

२०१७ मध्ये मिगोस हा त्रिकुटाचा गट बिलबोर्डवर पहिल्या क्रमांकावर पोचला. तोवर पॉपवाल्यांनीही हा ताल उचलला होता. आपल्या पुण्यात ताडीवाला रोडवर वाढलेल्या रॅपर एमसी स्टॅनच्या गाण्यांखालीही हाच खर्ज घुमतो.

ट्रॅप नशेचा उदोउदो करतं, हा आक्षेप जुना आहे आणि काही गाण्यांपुरता खराही आहे. पण चांगल्या गाण्यात धाडीची धास्ती असते, गेलेल्या मित्रांची नावं असतात. मिगोसमधला टेकऑफ २०२२ मध्ये ह्यूस्टनला गोळी लागून गेला. त्याच वर्षी अटलांटात यंग थग हा रॅपर आणि त्याच्या साथीदारांवर टोळीचा खटला भरला गेला आणि आरोपपत्रात चक्क गाण्यांच्या ओळी आल्या. दोन वर्षांहून जास्त काळ तो कोठडीत होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये काही आरोप कबूल करून, प्रोबेशनवर सुटला.

गाण्यातला 'मी' म्हणजे गाणारा माणूसच, असं धरून कोणाला पिंजऱ्यात उभं करणं मला मान्य नाही. कॅलिफोर्नियानं २०२२ मध्ये कायदा केला: अशा ओळी पुरावा म्हणून घेण्याआधी, त्यांच्यामुळे आरोपीबद्दल अन्याय्य पूर्वग्रह तर होणार नाही ना, हे न्यायाधीशानं तपासायचं. असा कायदा सगळीकडे व्हायला हवा, आणि ज्युरीसमोर एकही ओळ वाचली जाण्याआधी तो लागू व्हायला हवा.