रडणारा इंडियन, सिसिलीचा

मंडळी, एप्रिल १९७१मध्ये अमेरिकेत टीव्हीवर एक जाहिरात झळकली. कातड्याचा पोशाख, दोन वेण्या, डोक्यात पीस, अशा थाटात एक ‘इंडियन’, म्हणजे अमेरिकेचा मूलनिवासी, होडी वल्हवत येतो. काठावर कचरा, मागे धुराडी. तो रस्त्याकडेला उभा राहतो, तोच धावत्या मोटारीतून कुणीतरी उरल्यासुरल्या खाण्याची पिशवी भिरकावतं. ती त्याच्या पायाशी फुटते. मग चेहरा जवळून दिसतो आणि गालावरून एक थेंब ओघळतो.

थेंब ग्लिसरीनचा होता. आयर्न आइज कोडी नावाचा तो नटही इंडियन नव्हता. लुइझियानात जन्मलेला एस्पेरा द कोर्ती तो. आईबाप इटलीहून आलेले, आई सिसिलीची. बरं, जाहिरात कुणाची? ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ची. ही संस्था १९५३ साली उभी केली ती डबे-बाटल्या बनवणाऱ्या आणि पेयं विकणाऱ्या कंपन्यांनी! कचऱ्याचं पाप गिऱ्हाइकाच्या माथी, कंपन्या नामानिराळ्या.

त्याच दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या अल्काट्राझ बेटावर खरे मूलनिवासी ठाण मांडून बसले होते, नोव्हेंबर १९६९पासून. बेटाची त्यांनी देऊ केलेली किंमत ऐका: २४ डॉलरचे काचेचे मणी आणि लाल कापड. न्यूयॉर्कचं मॅनहॅटन बेट गोऱ्यांनी एवढ्यातच पदरात पाडून घेतलं, असं तिकडे सांगतात. ही त्याची परतफेड. जूनमध्ये सरकारी शिपाई गेले आणि उरलेल्यांना बेटावरून उचललं. मुकाट रडणाऱ्यासाठी देश हळहळत होता, जमीन मागणारे डोळ्यांत खुपत होते.

कोडीला नुसता ठक म्हणून मला मोकळं होता येत नाही. त्याची बायको बर्था पार्कर मूलनिवासी वंशाची, पुरातत्त्वातली जाणकार. दत्तक मुलंही मूलनिवासी. १९९६ साली न्यू ऑर्लिन्सच्या एका वृत्तपत्राने बिंग फोडलं, पण १९९९मध्ये मरेपर्यंत त्याने कबुली दिली नाही.

तो निदान नट होता. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात तर हे सोंग कायद्याने सांभाळलं. १९२४चा वंशशुद्धीचा कायदा सांगे, गोऱ्याखेरीज दुसऱ्या कुठल्याही वंशाचा अंश सापडला की माणूस गोरा नाही. पण तिथली बडी घराणी पोकाहोंटस या मूलनिवासी सरदारकन्येचे वंशज म्हणून मिरवत! मग पळवाट निघाली: इंडियन रक्त सोळाव्या हिश्शापर्यंत असेल, तर माणूस गोराच. आणि खरे मूलनिवासी? जन्ममृत्यू नोंदणीचा अधिकारी वॉल्टर प्लेकर याने त्यांना दाखल्यांवर ‘कलर्ड’, म्हणजे कृष्णवर्णीय, ठरवण्याचा सपाटा लावला. पुढे जमाती संघराज्य सरकारकडे मान्यता मागायला गेल्या, तेव्हा हेच कागद आडवे आले. पोकाहोंटसला आपली लेक मानणाऱ्या पामंकी जमातीची मान्यता लागू व्हायला २०१६ साल उजाडलं. व्हर्जिनियातल्या आणखी सहा जमातींसाठी अमेरिकेच्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, २०१८मध्ये वेगळा कायदा करावा लागला.