मॉरिशस : देश मिळाला, बेटं गेली

(दृश्य : पोर्ट लुई बंदर, आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या)

या सोळा पायऱ्या. हिंदुस्थानातून आलेला मजूर बोटीतून उतरला की या चढून वर यायचा. वर नाव लिहून घ्यायचे, नंबर द्यायचे आणि उसाच्या मळ्यावर रवानगी व्हायची. 1834 पासून पुढच्या सात-आठ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं अशी मॉरिशसला आली. बहुतेक भोजपुरी मुलखातली, बरीचशी तमिळ आणि तेलुगू. आणि मुंबई बंदरातून निघालेली आपली कोकणातली माणसंही. त्यांची पतवंडं आजही तिथे जाखडीचे फेर धरतात आणि गणेश चतुर्थीला मॉरिशसभर सार्वजनिक सुट्टी असते.

ब्रिटिशांनी हे बेट 1810 मध्ये फ्रेंचांकडून जिंकलं. 1835 मध्ये गुलामगिरी संपली, आफ्रिका आणि मादागास्करमधून पकडून आणलेले लोक मोकळे झाले आणि बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. साखर मात्र पिकायलाच हवी होती, म्हणून हे गिरमिटिये, म्हणजे करारावर बांधून आणलेले मजूर. राज्य इंग्रजांचं, मळे फ्रेंच घराण्यांचे आणि घाम यांचा.

1936 मध्ये डॉ. मोरिस क्युरे यांनी मजूर पक्ष काढला. 1943 मध्ये बेल व्ह्यू आरेल इथल्या मळ्यावर पोलिसांनी मजुरांवर गोळ्या झाडल्या. अंजले कुपेन ही गरोदर बाई त्यात गेली. तिचं नाव आज तिथल्या स्टेडियमला आहे. 1948 च्या निवडणुकीत नवा नियम आला : बेटावर चालणाऱ्या भाषांपैकी एखादीत साधी वाक्यं लिहिता-वाचता आली तरी मत देता येईल. मळ्यातला माणूस पहिल्यांदाच मोठ्या संख्येने मतदार झाला. 1959 मध्ये सर्व प्रौढांना मत मिळालं. तिथून स्वातंत्र्य फार दूर नव्हतं.

(दृश्य : लंडन, डाउनिंग स्ट्रीट)

सप्टेंबर 1965. लँकेस्टर हाउसमध्ये मॉरिशसच्या भवितव्यावर परिषद चालू आहे. बेटाचे नेते, डॉक्टर सर शिवसागर रामगुलाम, यांना 23 तारखेला पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन भेटायला बोलावतात. भेटीआधी विल्सन यांच्या हातात त्यांच्या सचिवाचं एक टिपण असतं. ते पुढे उघड झालं. त्याचा आशय असा : रामगुलाम यांना आशा दाखवूनच धाक घालायचा. स्वातंत्र्य मिळू शकेल ही आशा आणि चागोस बेटांबाबत मुकाट्याने वागले नाहीत तर ते मिळणार नाही हा धाक.

चागोस म्हणजे मॉरिशसच्या ईशान्येला, दोन हजार किलोमीटरहून दूर पसरलेला प्रवाळ बेटांचा समूह. कारभार मॉरिशसमधूनच चालायचा. त्यातल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता, तोही स्थानिक लोक नसलेल्या जागी. शेवटी रामगुलाम यांनी तत्त्वतः होकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी परिषदेत मॉरिशसला स्वातंत्र्य देणार असल्याची घोषणा झाली. भरपाई ठरली 30 लाख पौंड. ज्याच्या हातात तुमचं स्वातंत्र्य आहे त्याच्याशी केलेल्या अशा व्यवहाराला संमती म्हणता येत नाही, असं आम्हाला ठामपणे वाटतं. 8 नोव्हेंबर 1965 रोजी ब्रिटनने चागोस तोडून नवी वसाहत बनवली. वसाहती मोडीत निघत असतानाच्या त्या काळात! डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने, स्वातंत्र्याआधी प्रदेशाचे तुकडे करू नका, असं बजावलं. ब्रिटनने ऐकलं नाही.

मॉरिशसमध्येही सगळे एका सुरात बोलत नव्हते. ऑगस्ट 1967 च्या निवडणुकीत रामगुलाम यांच्या आघाडीने 39 जागा जिंकल्या, स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या गेतां द्युवाल यांच्या पक्षाने 23. मतं मोजली तर शंभरातल्या जवळपास चव्वेचाळिसांनी स्वातंत्र्याच्या विरोधात कौल दिला होता. क्रिओल समाजाला, म्हणजे मुख्यतः जुन्या गुलामांच्या वंशजांना, हिंदू बहुसंख्येची धास्ती होती आणि ती निव्वळ अपप्रचारातून आलेली नव्हती. नव्या राज्यात आपलं स्थान काय, हा प्रश्न खरा होता. त्यावर तोडगा म्हणून निवडून न आलेल्यांतून आठ जागा अशा भरायचं आधीच ठरलं होतं, की मागे राहिलेल्या समाजांनाही संसदेत आवाज मिळेल. तरीही जानेवारी 1968 मध्ये पोर्ट लुईत दंगल पेटली आणि ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं.

12 मार्च 1968. दांडीयात्रेची तारीख मुद्दाम निवडलेली. चाँ द मार्सच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर युनियन जॅक उतरला. लाल, निळा, पिवळा, हिरवा झेंडा चढला. राणी मात्र 1992 पर्यंत राष्ट्रप्रमुख राहिली.

(दृश्य : चागोस, ओसाड गाव, नारळीची झाडं)

त्याच काळात चागोस रिकामं केलं जात होतं. औषधपाण्यासाठी किंवा नातलगांना भेटायला मॉरिशसला आलेल्यांना परतीची बोटच मिळेना. मग नारळाचे मळे बंद झाले, माल येईनासा झाला. 1971 मध्ये लोकांचे पाळीव कुत्रे मारण्यात आले. 1973 पर्यंत दीड-दोन हजार माणसं मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरवली गेली. पोर्ट लुईच्या झोपड्यांत त्यांच्या पुढच्या पिढ्या वाढल्या.

न्यायाचं चाक फिरायला अर्धशतक लागलं. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 13 विरुद्ध 1 असं मत दिलं : मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याची प्रक्रिया कायद्याने पूर्ण झालेलीच नाही, ब्रिटनने चागोसवरचा कारभार लवकरात लवकर संपवावा. आमसभेत 116 देश मॉरिशसच्या बाजूने उभे राहिले, सहा विरोधात.

मे 2025 मध्ये दोन्ही सरकारांनी करारावर सह्या केल्या. करारानुसार चागोसचं सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सियाचा तळ 99 वर्षं ब्रिटनच्या हाती. बाकीच्या बेटांवर मॉरिशसला लोक वसवता येतील. ज्यांचं घर दिएगो गार्सियावर होतं, त्यांच्यासाठी मात्र त्या करारात परतीची वाट नाही, आणि वाटाघाटीच्या टेबलावर चागोसी लोकांना जागाही नव्हती.