बेलीझ : चार लाख माणसांचा देश

नमस्कार, श्रोतेहो.

आज आपण जाणार आहोत बेलीझला. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाच्या पायथ्याशी, ग्वाटेमालाच्या पूर्वेला, कॅरिबियन समुद्राला लागून हा देश आहे. क्षेत्रफळ साधारण २३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या सहापट. लोकसंख्या मात्र जेमतेम ४ लाख, गोव्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. मला या देशाबद्दल विशेष आस्था वाटते त्याला कारण आहे. ज्या समुद्रावर पोट चालतं तो समुद्र, आणि जिच्यावरून शेजाऱ्याशी तंटा आहे ती जमीन, या दोन्हींबद्दल तिथल्या सामान्य माणसाने मतपेटीपाशी जाऊन आपलं म्हणणं नोंदवलं आहे. पण त्याआधी ही माणसं तिथे आली कशी, ते पाहू.

मध्य अमेरिकेत जिकडेतिकडे स्पॅनिश चालते. बेलीझची राजभाषा मात्र इंग्रजी. त्याचं मूळ आहे लाकडात. सतराव्या शतकात इंग्रज या किनाऱ्यावर आले ते लॉगवुड तोडायला. या झाडाच्या गाभ्यातून निघणाऱ्या रंगाला युरोपातल्या रंगाऱ्यांकडून मोठी मागणी होती. पुढे महोगनीचे दिवस आले आणि तोडीसाठी आफ्रिकी गुलाम आणले गेले. महोगनीची झाडं जंगलात विखुरलेली असतात. म्हणून ऑगस्टच्या सुमारास एक अनुभवी गडी सर्वांत उंच झाडाच्या शेंड्यावर चढायचा. त्या दिवसांत महोगनीची पानं तांबूस पिवळी होतात. हिरव्या रानात तो रंग कुठे दिसतो ते हेरून तो टोळीला वाट दाखवायचा. उन्हाळ्यात बैल दिवसा थकतात, म्हणून ओंडके रात्री मशालींच्या उजेडात नदीपर्यंत ओढले जायचे आणि जूनमध्ये पूर आला की प्रवाहात सोडले जायचे. या गुलामांचे आणि गोऱ्या लाकूडतोड्यांचे वंशज म्हणजे आजचे क्रिओल. त्यांची क्रिओल बोली बेलीझच्या रस्त्यावर, बाजारात, बसमध्ये सगळ्यांना समजते. त्यांच्या घरचा रविवार म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात, सोबत कोंबडीचा रस्सा आणि पिकल्या केळ्याचे तळलेले काप.

उत्तरेला मेस्टिझो, म्हणजे स्पॅनिश आणि मूळ अमेरिकी अशा मिश्र वंशाच्या लोकांची वस्ती. १८४७ मध्ये युकातानात माया लोकांचं मोठं बंड पेटलं, त्यातून जीव वाचवून आलेल्या कुटुंबांनी कोरोझाल आणि ऑरेंज वॉक या भागांत ऊस लावला. पुढे १९८० च्या दशकात एल साल्वादोर आणि ग्वाटेमालातल्या यादवीमुळे आणखी निर्वासित आले, आणि आज मेस्टिझोंची संख्या सर्वांत मोठी आहे. माया तर इथले मूळचेच. काराकोलचं त्यांनी बांधलेलं मंदिर सुमारे ४३ मीटर उंच आहे आणि आजही देशातल्या सर्वांत उंच बांधकामांत त्याची गणना होते.

आता गरिफुनांबद्दल जरा सविस्तर सांगतो. सेंट व्हिन्सेंट बेटावर आफ्रिकी माणसं आणि तिथले मूळ कॅरिब लोक यांच्यातून हा समाज घडला. इंग्रजांना त्यांनी नेटाने तोंड दिलं. शेवटी १७९७ मध्ये इंग्रजांनी त्यांना जहाजांत भरून होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर नेऊन टाकलं. वाटेत आणि त्याआधी कैदेत असंख्य माणसं दगावली. जे तगले ते किनाऱ्याकिनाऱ्याने सरकत बेलीझला पोहोचले. १९ नोव्हेंबरला त्या आगमनाची सुट्टी असते. टॉमस व्हिन्सेंट रामोस यांनी १९४१ मध्ये या दिवसाचा पायंडा पाडला. त्या पहाटे डँग्रिगा गावात होड्या समुद्रातून किनाऱ्याला लागतात. होड्यांत ढोल, केळीची पानं, कसाव्याची रोपं. किनाऱ्यावरची माणसं गात पुढे येतात आणि सगळी मिरवणूक चर्चकडे निघते.

कसावा म्हणजे आपण उपासाला खातो त्या साबुदाण्याचं कंदमूळ. गरिफुना त्याची भाकरी करतात, तिला एरेबा म्हणतात. कडू कसाव्यात विषारी रस असतो. बायका आधी कंद सोलून, लाकडी फळीत बारीक खडे ठोकून केलेल्या मोठ्या किसणीवर किसतात. तो कीस विणलेल्या लांब नळीत भरतात, नळी उंचावर टांगतात आणि खालून ताणतात. नळी आवळत जाते आणि रस निथळतो. मग वाळलेला कीस चाळून, मोठ्या तव्यावर पसरून भाजतात. ही भाकरी कुरकुरीत असते आणि महिनोन्महिने टिकते. एवढी खटपट बेटावरून हाकललेल्या माणसांनी विसरू दिली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांची भाषा मात्र धोक्यात आली होती. गायक अँडी पलासिओ १९८० मध्ये निकाराग्वात साक्षरतेच्या कामासाठी गेला होता. तिथे त्याला एक म्हातारा गरिफुना भेटला. एवढा तरुण मुलगा आपली भाषा बोलतो, यावर म्हाताऱ्याचा विश्वासच बसेना. पलासिओने पुढचं आयुष्य त्या भाषेतल्या गाण्यांना वाहिलं. २००१ मध्ये युनेस्कोने गरिफुना भाषा, नृत्य आणि संगीत यांना मानवजातीचा वारसा म्हणून गौरवलं. पलासिओची गाणी जगभर पोहोचली आणि लगेच, जानेवारी २००८ मध्ये, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी तो गेला.

आणि हो, आपली माणसंही आहेत तिथे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर नेले गेले. त्यांचे वंशज कोरोझाल आणि टोलेडो जिल्ह्यांत राहतात. कोरोझालमधल्या एका गावाचं नावच कलकत्ता आहे. त्यांच्या घरात आता आपल्याकडची भाषा उरलेली नाही. हळद घातलेला रस्सा उरला आहे. १९५८ पासून मेक्सिकोहून आलेले मेनोनाइट हा आणखी एक आगळा समाज. जुन्या वळणाची जर्मन बोली बोलणारे हे ख्रिस्ती शेतकरी लष्करात जात नाहीत आणि शाळा स्वतःच्या चालवतात. काही घोडागाडीवरच फिरतात, काहींकडे नवेकोरे ट्रॅक्टर. देशाच्या दूध, अंडी आणि कोंबड्यांचा मोठा वाटा त्यांच्या गोठ्या-खुराड्यांतून येतो.

आता कारभार. १८६२ पासून ‘ब्रिटिश होंडुरास’ या नावाने ही रीतसर वसाहत होती. जॉर्ज प्राइस यांच्या नेतृत्वाखाली स्वातंत्र्याची चळवळ झाली आणि २१ सप्टेंबर १९८१ रोजी बेलीझ स्वतंत्र झाला. राजधानी त्याआधीच हलली होती. ३१ ऑक्टोबर १९६१ ला ‘हॅटी’ नावाचं चक्रीवादळ बेलीझ सिटीवर आदळलं, शहर पाण्याखाली गेलं, अडीचशेहून अधिक माणसं गेली. तेव्हा समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटर आत, मोकळ्या माळावर बेल्मोपान वसवायचं ठरलं आणि १९७० मध्ये सरकार तिकडे गेलं. बेलीझ सिटी अजूनही सर्वांत मोठं शहर आहे. तिथल्या दक्षिण भागातल्या टोळीयुद्धांनी अनेक घरांतले तरुण मुलगे हिरावून नेले आहेत, आणि ती जखम अजून ओलीच आहे.

राष्ट्रप्रमुख ब्रिटनचे राजे चार्ल्स. त्यांच्या वतीने गव्हर्नर जनरल काम पाहतात. २०२१ पासून हे पद फ्रॉयला त्झालाम यांच्याकडे आहे, आणि माया समाजातून या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्याच. प्रत्यक्ष सत्ता पंतप्रधानांची. जॉन ब्रिसेन्यो २०२० मध्ये निवडून आले आणि मार्च २०२५ मध्ये त्यांनी पुन्हा मोठं बहुमत मिळवलं. प्रतिनिधिगृहात ३१ जागा. एका मतदारसंघात साधारण सहा हजार मतदार, त्यामुळे उमेदवाराला उंबरा न् उंबरा झिजवावा लागतो. मला जास्त रस आहे तो सिनेटमध्ये. १३ सदस्य, सगळे नेमलेले. सहा पंतप्रधानांच्या सल्ल्याने, तीन विरोधी पक्षनेत्याच्या. उरलेल्या चारांपैकी एक चर्चचा, एक व्यापाऱ्यांचा, एक कामगार संघटनांचा आणि एक स्वयंसेवी संस्थांचा. म्हणजे सरकारने एखादं विधेयक आणलं, की ज्यांना त्याची झळ लागणार त्यांचा एक माणूस त्याच सभागृहात बसलेला असतो. हे चार जण एकजुटीने विरोधात गेले, तर सरकारला उत्तर द्यावंच लागतं.

अर्थकारण थोडक्यात सांगतो. ऊस, केळी, संत्र्या-पपनसांचा रस आणि समुद्री माल ही जुनी निर्यात. युरोपने साखरेला दिलेल्या सवलती गेल्या, संत्र्यांच्या बागांना रोग लागला. बेलीझ डॉलर १९७० च्या दशकापासून दोनास एक या दराने अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे, म्हणून परकीय चलन सतत येत राहावं लागतं. ते येतं मुख्यतः पर्यटनातून. आणि पर्यटक येतात ते प्रवाळासाठी.

बेलीझच्या किनाऱ्यासमोरची प्रवाळभिंत ही ऑस्ट्रेलियाखालोखाल जगातल्या सर्वांत मोठ्या प्रवाळरचनेचा भाग. १९९६ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. पण खारफुटी तोडून जमिनी विकल्या जाऊ लागल्या, समुद्रातल्या तेलाचे परवाने वाटले गेले, आणि २००९ मध्ये युनेस्कोने तिला धोक्याच्या यादीत टाकलं. सरकार जनमत घ्यायला तयार नव्हतं. तेव्हा २०१२ मध्ये नागरिक संघटनांनीच देशभर मतदान केंद्रं उभी केली. जवळजवळ तीस हजार लोक आले आणि ९६ टक्के लोकांनी समुद्रातल्या तेलाला नकार दिला. या मतदानाला कायद्याची ताकद नव्हती, पण आवाज सरकारला टाळता आला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये संसदेने समुद्रातल्या तेलशोधावर बंदी घालणारा कायदा मंजूर केला आणि पुढच्याच वर्षी प्रवाळभिंत धोक्याच्या यादीतून बाहेर पडली. ज्या देशावर कर्जाचा डोंगर आहे, त्याने तेलाला नाही म्हणणं सोपं नसतं.

त्या कर्जाची गोष्टही समुद्राशीच येऊन ठेपते. कोरोनात विमानं थांबली, हॉटेलं ओस पडली आणि देणी देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या वर गेली. २०२१ मध्ये ‘द नेचर कन्झर्व्हन्सी’ या संस्थेच्या मदतीने बेलीझने आपले ५५ कोटी डॉलरचे रोखे डॉलरला ५५ सेंट या भावाने परत घेतले. बदल्यात शब्द दिला की आपल्या समुद्राचा ३० टक्के भाग संरक्षित करू आणि सागरी संवर्धनासाठी पुढची वीस वर्षं दरसाल सुमारे ४० लाख डॉलर घालू. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना शेवंडीचा आणि मोठ्या शंखाचा बंद हंगाम पाळावा लागतो, आणि २०२० पासून गिलनेट, म्हणजे मासे कल्ल्यांपाशी अडकवणाऱ्या जाळ्यांवर पूर्ण बंदी आहे. आपल्या कोकणातल्या पावसाळी मासेमारी बंदीची झळ ज्यांनी सोसली आहे, त्यांना यातला ताण वेगळा सांगायला नको. संरक्षणाचा खर्च आधी होडीवाल्याच्या खिशातून जातो. त्याला त्याचा वाटा वेळेवर मिळतो का, हा प्रश्न बेलीझने सतत स्वतःला विचारायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी तो तंटा. १८५९ मध्ये ब्रिटन आणि ग्वाटेमाला यांच्यात सीमेचा करार झाला. त्यातल्या सातव्या कलमात ग्वाटेमालाच्या राजधानीपासून समुद्रापर्यंत रस्ता बांधायचं ठरलं होतं. तो रस्ता कधी झालाच नाही. कलम मोडलं म्हणजे करारही मोडला, असं म्हणत ग्वाटेमालाने बेलीझच्या जवळपास निम्म्या भूभागावर हक्क सांगितला. स्वातंत्र्यानंतर दहा वर्षांनी, १९९१ मध्ये, त्यांनी बेलीझला मान्यता दिली, पण दावा सोडला नाही. मग दोन्ही देशांनी आपापल्या लोकांना विचारलं की हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा का. ग्वाटेमालात एप्रिल २०१८ मध्ये बहुतेकांनी होकार दिला, पण मतदानाला आले चौघांतला एक. बेलीझमध्ये ८ मे २०१९ ला तीनांतले जवळपास दोन मतदार बाहेर पडले. हरलो तर अर्धा देश जाईल, या भीतीने ४४ टक्क्यांहून अधिक लोकांनी नकार दिला. ५५ टक्के हो म्हणाले, आणि खटला हेगला गेला.

दाव्यातला बराचसा मुलूख दक्षिणेकडचा. टोलेडो जिल्हा त्यात येतो. तिथल्या माया गावांनी आपल्या सामायिक जमिनीसाठी स्वतःच्याच सरकारशी वर्षानुवर्षं कोर्टात झुंज दिली आणि २०१५ मध्ये कॅरिबियन न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला. त्या निकालाची अंमलबजावणी अजून रेंगाळते आहे. त्याच जिल्ह्यात पुंटा गोर्डाच्या आसपास, मघाशी सांगितलेल्या गिरमिटियांची नातवंडं-पणतवंडं राहतात. हेगचा निकाल आपल्याकडच्या बातम्यांत आला, तर तो या सगळ्यांच्या घराअंगणांबद्दलचा असेल.

नमस्कार.