सेल्फ काढण्याआधी मीटर लावा

मंडळी, सोलापुरात मे महिन्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. पंढरपूरहून आलेली गाडी दुपारी नव्या पेठेत दहा मिनिटं उभी केली की सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) घेत नाही, आणि संध्याकाळी पहिल्याच चावीत सुरू होते. कारण बहुतेकदा उष्णता: तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. तापलेल्या इंजिनाला चिकटलेलं सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ६० अंशांनी गरम झालं, तर त्याच्या कॉइलचा रोध जवळजवळ पाव हिश्श्यानं वाढतो आणि त्यामुळे ओढ कमी पडते. त्यात टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार असेल तर नुसतं ‘टक्’ वाजतं. म्हणजे सेल्फ गेलाच असं नाही.

आवाज नीट ऐका. ‘टकटकटक’ वाजून दिवे मंद झाले, तर बॅटरी किंवा टर्मिनल. एकच ‘टक्’ आणि दिवे तसेच लख्ख, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा कार्बन (मोटरच्या आत करंट पोहोचवणारे ब्रश). मोटर फिरते पण इंजिन फिरत नाही, तर बेंडिक्स (सेल्फचे दात इंजिनाच्या दातांत अडकवणारा भाग). काहीच हालचाल नाही, तर आधी फ्यूज, रिले आणि क्लचचा स्विच बघा.

आता मल्टीमीटर. काही तास उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाता कामा नये. मग खरी चाचणी: एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खांबावरच), दुसरं सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टवर, आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल किंवा जोड खराब. तसंच मायनस खांब ते सेल्फची बॉडी: ०.२ ते ०.३ च्या वर गेलं तर अर्थिंग सैल. नवा सेल्फ आणलात तरी ही गाडी तशीच रुसणार.

सेल्फच दोषी ठरला, तर पहिला मायनस काढा. बहुतेक गाड्यांना १० चा पाना लागतो. प्लस आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते. खालून काम असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. वायरींचा फोटो काढून ठेवा. साधारण दोन बोल्ट असतात. वरचा हाताला लागतो, डोळ्याला दिसत नाही, तिथे लांब एक्स्टेन्शन आणि गोटी पाना हवा. शेवटचा बोल्ट सुटताना सेल्फ खालून धरा.

नवा आणि जुना शेजारी ठेवून पिनियनचे (पुढच्या छोट्या दातेरी चाकाचे) दात मोजा, फिरण्याची दिशा जुळवा. बसवण्याची जागा ब्रशनं धातू चमकेपर्यंत घासा, कारण बहुतेक गाड्यांत अर्थिंग तिथूनच मिळतं. सोलेनॉइडचा नट बेताचाच आवळा; जोर केला की बोल्ट फिरून आतला जोड तुटतो. नुसते कार्बन झिजलेले असतील तर अख्खा सेल्फ बदलू नका, ऑटो इलेक्ट्रिशियनकडून कार्बन आणि बुश बदलून घ्या.

मायनस शेवटी जोडा. गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. कमी आले तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) बेल्ट बघा. आणि झाकण उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी पाहा. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं नको.