कंदीलपुष्पाच्या तळाशी

मित्रहो, स्थानिक वनस्पतींवरची चित्रकला हा आजचा विषय असला, तरी मी सुरुवात फुलापासून न करता भिंतीपासून करणार आहे. आपल्या नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबक तालुक्यांतल्या पाड्यांवर, कारवीच्या काठ्यांचे कुड उभारून ते शेणामातीने लिंपण्याची रीत आहे. वारली चित्रे मुळात अशाच कुडावर, गेरूच्या तांबड्या सारवणावर, तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने काढली जात. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनींच्या हातात ही कला होती. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगापुढे ठेवली. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते, ती झाडापिकांची, सुफलतेची देवी.

आपण चित्राकडे पाहतो, पण ते ज्या कारवीवर उभे आहे तिच्याकडे पाहत नाही. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. त्या हंगामात डोंगरउतार जांभळे होतात, आग्या आणि सातेरी मधमाश्या फुलोऱ्यावर तुटून पडतात, बी धरते आणि झुडूप वाळून जाते. चित्राखालची भिंत, पोळ्यातला मध आणि उतारावरची माती धरून ठेवणारी मुळे, हे सगळे एकाच झुडपाचे देणे आहे. म्हणून कारवीचे रान उठले, तर एका कलेच्या पायाखालची जमीनच सरकते, असे मी मानतो.

येवल्याच्या पैठणीवरची आसावली मला अतिशय प्रिय आहे. मात्र काठावरची ती वेल बारमाही आहे. तिला पाऊस लागत नाही आणि माशीही लागत नाही. नक्षी म्हणून ते योग्यच आहे. आज मला ज्या चित्रांविषयी बोलायचे आहे, त्यांत फुलाला ऋतू असतो आणि त्याच्याकडे कोणीतरी येणारे असते.

त्यासाठी त्र्यंबकजवळच्या अंजनेरी डोंगरावर जावे लागते. वरच्या पठारावर काळ्या कातळावर जेमतेम काही बोटे मातीचा थर आहे. पहिल्या पावसानंतर त्यातून तेरडा, सोनकी, गेंद आणि सीतेची आसवे उगवतात, आणि पाऊस ओसरला की ते सारे आटोपते. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' असे आपण चंचल माणसाला उद्देशून म्हणतो; पठारावर मात्र ते थोडे दिवस म्हणजेच त्या झाडाचे सगळे आयुष्य असते. २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, त्यामागे याच पठारावरची एक वनस्पती महत्त्वाची होती: सेरोपेजिया अंजनेरिका. अंजनेरीचेच नाव घेतलेल्या या कंदीलपुष्पाचे शास्त्रीय वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

या प्रजातीतल्या फुलाची रचना चित्रकाराने नीट समजून घ्यावी अशी आहे. पाच पाकळ्या टोकाला जुळून कंदिलाची जाळी होते, तिच्याखाली अरुंद नळी आणि तळाशी फुगीर कोठडी असते. वासाने ओढली गेलेली बारीक माशी नळीत घसरते. आतले केस खालच्या दिशेला वळलेले असल्याने तिला वर येता येत नाही. कोठडीत धडपडताना परागपुंज तिला चिकटतात. केस कोमेजले की वाट मोकळी होते आणि ती पुढच्या फुलाकडे जाते. फूल तिला मारत नाही, काही काळ थांबवून ठेवते.

या प्रजातीचे शास्त्रीय नाव एका चित्रावर उभे आहे, हेही सांगितले पाहिजे. १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत छापलेल्या 'हॉर्टस मलाबारिकस' या वनस्पतिग्रंथात केरळातल्या अशा एका वेलीचे चित्र आहे. त्याच्या आधारे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्ये नाव दिले, त्याचा अर्थ मेणाचे कारंजे. त्याला मेणबत्त्यांचे झुंबर दिसले, आपल्याला कंदील दिसला.

अनेक वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा कंदीलपुष्प काढले, तेव्हा छटा आणि शिरा अचूक उतरल्या होत्या. ते चित्र मी वनस्पतिशास्त्राच्या एका ज्येष्ठ अभ्यासकांना दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहून एवढेच विचारले, "हिच्याकडे येतं कोण?" मला उत्तर देता आले नाही. पुढच्या श्रावणात मी छत्री, भिंग आणि पाटी घेऊन त्याच पठारावर ओल्या कातळावर पालथा पडून राहिलो. धुके आले की काहीच दिसत नसे. तिसऱ्या दिवशी तिळाहून लहान अशी एक माशी पाकळ्यांच्या जाळीवर बसली, थोडी फिरली आणि आत गेली. ती बाहेर येताना मी पाहिली नाही, कारण तोवर उजेड संपला होता.

दुसऱ्या चित्रात ती माशी आहे, नळीतले केस आहेत, भोवतीचे गवत आणि कातळावरचे पाणीही आहे. शास्त्रीय चित्रात कंदही दाखवण्याची पद्धत असते. हे कंद लोक खाण्यासाठी उकरतात, आणि उकरलेले झाड त्या जागी पुन्हा दिसत नाही. कंद पाहायचा तर मलाही तेच करावे लागले असते, म्हणून मातीच्या रेषेखालचा कागद मी कोरा ठेवला आहे.