दोन स्क्रू कमी

(दृश्य: टेबलावर आडवी ठेवलेली स्की. कानशीचा आवाज. सुरुवातीला निवेदन नाही.)

हा गाळा गुलमर्गच्या बाजारातला. आत दोन माणसं आणि एक बुखारी, म्हणजे लाकडाची शेगडी, मावली की कॅमेरामननं दारात उभं राहायचं. म्हणून आमचे बरेच शॉट उंबऱ्यावरून घेतलेत. मधेच कुणाचा तरी फिरन, म्हणजे काश्मिरी घोळदार अंगरखा, आडवा येतो, तो तसाच ठेवलाय.

दुकानाच्या मालकांना इथे सगळे चाचा म्हणतात. नाव नको म्हणाले, तेव्हा आपणही चाचाच म्हणू.

टेबलावरची जोडी एका परदेशी पाहुण्यानं हंगाम संपल्यावर इथेच विकली. मग एका गाइडनं दोन वर्षं वापरली. मग ती पत्र्याखाली पडून होती. डाव्या स्कीवरचं बाइंडिंग धडधाकट आहे. उजव्याचे दोन स्क्रू गायब, ब्रेकचा एक दांडा तुटलेला आणि बुटाच्या चवड्याखाली असते ती गुळगुळीत पट्टी नाहीच.

(दृश्य: बाइंडिंग अगदी जवळून.)

बाइंडिंग म्हणजे बूट आणि स्की यांना जोडणारा सांधा. पुढे एक जबडा, मागे एक. वळताना त्यानं पाय घट्ट धरायचा आणि पडताना सोडायचा. किती जोर आला की सोडायचं, हे आतल्या स्प्रिंगच्या ताणावर ठरतं. वरच्या या छोट्या खिडकीत आकडा दिसतोय, तो त्या ताणाचा.

पूर्वी हे सुटणं नव्हतंच. चामड्याचे पट्टे असायचे, नंतर तारेचे दोर आले. पाय एकदा अडकला की अडकला, मग स्की एकीकडे वळायची आणि नडगी दुसरीकडे. हियाल्मार हवाम नावाचा नॉर्वेत जन्मलेला स्कीपटू अमेरिकेत ओरेगनमध्ये राहायचा. १९३७ मध्ये माउंट हूडवर त्याचा पाय मोडला. असं सांगतात, की शस्त्रक्रियेनंतर भुलीतून जागा होताहोताच त्याला सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना सुचली आणि त्यानं कागद-पेन्सिल मागितली. १९३९ मध्ये पेटंट मिळालं. हवामचा फोटो आम्हाला वापरायला मिळाला नाही, म्हणून तोवर हा बर्फ पाहा. बर्फ आमच्याकडे भरपूर आहे.

(दृश्य: बुखारीवर पाण्याचं भांडं. चाचा चष्मा पुसतात.)

आधी स्क्रू. हा स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. साडेपाच मिलिमीटर जाड, आटे रुंद आणि टोक बोथट. बोथट अशासाठी, की स्की पातळ असते आणि टोकदार स्क्रू खालपर्यंत पोचेल. चाचांनी मुद्दाम एक जुनी स्की उलटी करून दाखवली. तळावर हरभऱ्याएवढा फुगवटा दिसतोय? कुणीतरी तीन मिलिमीटर जास्त लांब स्क्रू कसला होता.

आता त्याचं डोकं पाहा. फुलीच्या मधे चार बारीक रेषा आहेत. ही साधी फुली नव्हे, हा पोझिड्राइव्ह, तीन नंबरचा. साधा स्क्रू ड्रायव्हर लावला तर बसल्यासारखा वाटतो, जोर दिला की घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. चाचांचा पुतण्या चौदा वर्षांचा आहे. चाचांनी हात पुढे केला की न विचारता बरोबर तीन नंबर ठेवतो.

स्क्रू एका डालड्याच्या डब्यातून निघाले. मेलेल्या बाइंडिंगांचे सगळे अवयव त्या डब्यात असतात. पण जुन्या भोकांचे आटे गेलेत, स्क्रू नुसता गरगर फिरतो. म्हणून भोक आधी बुजवायचं. अक्रोडाच्या लाकडाची खुंटी तासायची, एपॉक्सी या पक्क्या गोंदात बुडवायची, ठोकायची. एपॉक्सी थंडीत लवकर धरत नाही, म्हणून स्की रात्रभर बुखारीपासून हातभर अंतरावर. जास्त जवळ नाही, नाहीतर स्कीचे थर सुटतील.

(दृश्य: दुसऱ्या दिवशीची सकाळ. ड्रिल.)

कुठल्या जाडीचा बिट लावायचा, हे बऱ्याच स्कींवर बाइंडिंगजवळ बारीक अक्षरात छापलेलं असतं. आत धातूचा पत्रा असेल तर ४.१ मिलिमीटर, नसेल तर ३.६ किंवा त्याच्या आसपास. या जोडीवरची अक्षरं झिजून गेलीत. चाचांनी बुजवायच्या आधीच जुन्या भोकात दाभण घालून खरवडलं होतं, टोकाला चकचकीत काही लागलं नाही. म्हणून ३.६.

खोली नऊ मिलिमीटर. बिटवर हा लाल रंग दिसतोय ती इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी. टोकापासून मोजून नऊ मिलिमीटरवर गुंडाळलीय. पट्टी लाकडाला टेकली की थांबायचं. यासाठी खास बाही असलेले बिट मिळतात, पण चाचांचा या पट्टीवर विश्वास आहे आणि दोन दिवस शूट केल्यावर आमचाही बसला.

आता ती नसलेली पट्टी. पडताना बूट आडवा सरकून सुटतो. त्याच्या तळव्याखाली गुळगुळीत काही नसेल तर तो घासतो, अडतो, आणि खिडकीतला आकडा खोटा ठरतो. पट्टी जेमतेम दोन बोटं रुंद. चाचांनी ती कंपनीकडे मागून पाहिली होती. उत्तर आलं, सुटा भाग मिळत नाही, नवं बाइंडिंग घ्या. दोन बोटांच्या प्लास्टिकसाठी!

मग स्वयंपाकघरातला पांढरा चॉपिंग बोर्ड आला. चाचांनी त्याचा तुकडा कापला, कडा तासल्या, खालून खाच पाडली. जाडी किती ठेवायची? इथे एक लग्नपत्रिका कामाला येते. बूट अडकवायचा आणि पत्रिकेची पट्टी बूट आणि तुकड्याच्या मधून ओढायची. ती किंचित अडखळत बाहेर यायला हवी. अडकली तर तुकडा आणखी घासायचा. चार वेळा बूट काढला, चार वेळा घातला.

(दृश्य: पत्रिकेची पट्टी हळूहळू बाहेर येते. निवेदन नाही.)

ब्रेकचा दांडा डालड्याच्या डब्यातलाच, दुसऱ्या कुठल्या तरी जोडीचा, लाल. मूळचा करडा होता. ही स्की जास्त रुंद, म्हणून दांडा शिकंज्यात धरून वाकवला. ब्रेक नसता तर पायापासून सुटलेली स्की एकटीच खाली निघाली असती, आणि खाली रांगेत माणसं उभी असतात.

गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, जवळपास चार हजार मीटरवर माणसं पोचू लागली. ताज्या, भुसभुशीत बर्फासाठी परदेशी स्कीपटू येऊ लागले आणि त्यांच्यामागून त्यांचं सामान आलं. वरचं चित्रीकरण नाही. आम्ही होतो ते तिन्ही दिवस वारा होता आणि दुसरा टप्पा बंद.

अमेरिकेत बाइंडिंगच्या कंपन्या दरवर्षी एक यादी काढतात, कुठल्या मॉडेलची जबाबदारी घेणार त्याची. यादीतून मॉडेल गळालं की तिथली दुकानं त्याला हात लावत नाहीत, बाइंडिंग कितीही ठणठणीत असो. कारण आहे, प्लास्टिक म्हातारं होतं. पण तिथे बाद झालेली जोडी इथे आणखी किती हंगाम काढते, हे चाचांच्या भिंतीवर टांगलेलं आहे. याच गावात स्कीचं दुकान चालवणाऱ्या एका माणसाचा मुलगा, आरिफ खान, २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलम या स्कीच्या शर्यतीत ४५वा आला.

सुटण्याचा जोर मोजायचं यंत्र असतं. ते या गाळ्यात नाही. चाचा बूट अडकवतात आणि हातानं मुरगाळून पाहतात. बाइंडिंग वेळेवर सुटलं नाही तर गुडघ्याचा अस्थिबंध किंवा नडगी जाते, हे त्यांना माहीत आहे.

(दृश्य: खट्. बूट बसतो. पुन्हा खट्.)

जोडी तयार. डावीचे दोन्ही दांडे करडे, उजवीचा एक लाल.

दारात सांगलीहून आलेलं कुटुंब उभं आहे. ताईंना शिकायचंय, दादांना फोटो काढायचेत. चाचा बुटाचा नंबर विचारतात, मग उंची, मग वय, मग आधी कधी स्की केलंय का. स्प्रिंगचा आकडा या सगळ्यावरून ठरतो. शेवटी विचारतात, वजन.

ताई दादांकडे पाहतात.

"पंचावन्न लिहा."

चाचा एकदा त्यांच्याकडे पाहतात, एकदा स्कीकडे. कमी वजन म्हणजे कमी आकडा, म्हणजे बाइंडिंग लवकर सुटणार. वहीत पंचावन्न लिहितात. पुतण्या तीन नंबर पुढे करतो.